पिस्ता रंगाची भिंत

लातूर, रविवार, संध्याकाळ

माझं पहिलंवहिलं पुस्तक द्यायला आज चाकूरला मावशीकडं गेले होते. सगळ्या कविता आमच्याकडच्या भिंतींवरल्या चित्रांवर. पहिलीच तिच्या दाराशेजारच्या हत्तीवर. मावशीच्या लेकीच्या लग्नात काकांनी स्वतः काढलेला. मध्ये खिडकी आली म्हणून सोंड तोकडी राहिली. काका गेले, हत्ती राहिला.

आज तिथं पिस्ता रंगाची कोरी भिंत.

"तू फोनवर म्हणलीस ना, पुस्तकात आपली भिंत आलीय. लोक बघायला येतील म्हणून कालच रंग मारून घेतला. हत्तीचा रंग लई उडाला होता गं."

छान दिसतंय म्हणाले. छान! हत्ती तसाच राहू दे, एवढं फोनवर सांगायला काय झालं होतं मला? साधा फोटोही काढून ठेवला नाही.

मग तिनं कविता वाचायला लावली. तोकड्या सोंडेच्या ओळीपाशी आले तशी मावशी उठली, खिडकीच्या कडेला अजून ओल्या असलेल्या रंगावर तिनं बोट टेकवलं.

"इथं संपायची," म्हणाली.

चहा झाला, मी निघाले, तरी तिनं ते बोट पुसलं नव्हतं.