कावळ्यांच्या अटीवर दोन गुंठे जमीन

मी, सहदेव भागोजी शिवगण, निवृत्त एस.टी. कंडक्टर, राहणार आंबेकोंड, तालुका रत्नागिरी, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता (पत्नी जाईबाई शेजारीच बसली आहे, तरीही) माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

घर, परसातली काजूची झाडं आणि पोस्टातली शिल्लक जाईबाईची. माझी कंडक्टरची शिट्टी नात राहीला. ती दापोलीला शेतकी शिकते. घरात तिचं कोणी ऐकत नाही, तेव्हा वाजवावी.

रस्त्यालगतची दोन गुंठे जमीन ग्रामपंचायतीला, बालवाडी बांधण्यासाठी. मात्र सरपंच, म्हणजे माझा चुलतभाऊ दत्ताराम, याने लगेच हुरळून जाऊ नये. अट आहे.

गेल्या साली चावडीच्या वाशांना वाळवी लागली. दत्तारामने सगळ्यांत स्वस्त म्हणून कसलंसं जहाल औषध आणलं. मी सभेत विचारलं, "डब्यात आहे काय?" तर म्हणतो, "दादा, सही करा, चहा निवतोय." वाळवी मरून पडली, ती कावळ्यांनी खाल्ली, आणि कावळेही गेले. राही म्हणते, हे विष मातीत वर्षानुवर्षं टिकतं.

पुढे शेजारचा सखाराम वारला. दहाव्याला पिंडाला शिवायला गावात कावळाच नाही! मुलांना वाटलं, बापाची इच्छा राहिली. भर उन्हात एकाने बांधाचा दावा मागे घेतला, दुसऱ्याने विडी सोडली, तिसऱ्याने विकलेला बैल परत आणायचं कबूल केलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. बैल आला. तो आता सगळ्यांना मारतो.

एवढं होऊनही उरलेले डबे बालवाडीसाठी राखून ठेवलेत. तिथे आमची धाकटी नात हौसा जमिनीवर लोळणार, बोटं तोंडात घालणार. मला याची फार भीती वाटते.

म्हणून सदर जागेत ते औषध पडता कामा नये. लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावावं. आणि डब्यात काय आहे हे सभेत वाचल्याशिवाय पंचायतीने रंग, औषध, काहीही विकत घेऊ नये, असा ठराव व्हावा. अट मोडल्यास जमीन सखारामच्या बैलाला चरायला.

माझ्या दहाव्याला कावळा आला नाही, तर कोणी माझी इच्छा ओळखत बसू नये. दत्तारामने पिंडासमोर उभं राहून तो ठराव मोठ्याने वाचावा.

सही: सहदेव भागोजी शिवगण
आंबेकोंड, ११ नोव्हेंबर १९८६

साक्षीदार:
१. आत्माराम पांडुरंग मांडवकर, पोस्टमास्तर
२. दत्ताराम सोनू शिवगण, सरपंच. वाचलं. राग आला. सही करतो. डबे उद्याच परत पाठवतो. पण दादा, तुम्ही इतक्यात मरू नका. कावळे अजून आलेले नाहीत.