बुडालेल्या बांधावरची मरळ

आप्पा, ती मरळ मी धरली होती. हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत आहे, आणि तिसरं माणूस म्हणजे आई, ती तर तुमच्याही आधी गेली. म्हणजे ही गोष्ट माहीत असलेली आता मी एकटीच उरले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात चार पाहुणे जमले की कुणीतरी मांडी ठोकून सुरू करतंच, ‘आप्पांनी एकदा फुगवट्यात अशी मरळ धरली होती...’ आणि मी चहाचे कप गोळा करून आत निघून जाते. आज नाही जाणार. आज या पत्रात सगळं बोलणार आहे, आणि तुम्हाला मध्येच ‘गप बस’ म्हणता येणार नाही, हे एक बरं आहे.

शिकवलंत तुम्हीच, ते मी नाकारत नाही. धाकटा भाऊ बेडकाला भिऊन भोकाड पसरायचा, म्हणून वंशाच्या दिव्याऐवजी मी तुमच्या वाट्याला आले. मी सहावीत वगैरे असेन. धरणाच्या फुगवट्यात आपलं जुनं शेत गेलं होतं, पण पाण्याखालचा बांध न् बांध तुम्हाला पाठ होता. विहीर कुठे, बाभळींची रांग कुठे, खळं कुठे. मरळ तिथेच बसते, उथळ पाण्यात, बुडालेल्या काट्याकुट्यांत. उजाडता उजाडता आपण दोघं काठावर. बोलायचं नाही, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, आणि मी हातातल्या बांगड्या काढून ठेवायच्या, हे तुमचे नियम. ‘वाजल्या की मासा तळाला जातोय,’ म्हणायचात. मी बांगड्या काढून तुमच्या टोपीत ठेवायची. एरवी टोपीला कुणी हात लावलेला तुम्हाला खपायचा नाही, म्हणून मला त्याचा केवढा तोरा होता!

मरळीची पिल्लं लालसर असतात, थवा करून वर येतात, आणि तेवढ्याच जागेवर पाणी उकळल्यासारखं दिसतं. ‘पिल्लं दिसली की मरळ खाली हायच. तिला भूक नसती, राग असतो. रागावर धरायची तिला.’ मग गळाला जिवंत बेडूक लावून तो थव्याच्या पलीकडे टाकायचा आणि पिल्लांच्या मधून ओढत आणायचा. मरळीने झडप घातली की खरी परीक्षा, कारण तेव्हा ओढायचं नाही. काठी काखेत दाबायची, गळाचा नायलॉनचा तंगूस सैल सोडायचा. तुम्ही चंची काढायचात. तळहातावर तंबाखू, नखभर चुना, अंगठ्याने मळमळ मळायचात, थाप मारून भुकटी उडवायचात, चिमूट दाढेखाली, आणि मग हिसका. तेवढ्या वेळात मरळ बेडूक गिळते. त्याआधी ओढलं तर रिकामा गळ हातात. माझ्याकडे कुठली तंबाखू? मी आपली तुमच्या अंगठ्याकडे बघत बसायची. एकदा मला राहवलं नाही, ओढलं, आणि गळ चेहऱ्यासमोरून सपकन मागे गेला. ‘तुला काय लगीनघाई झालीया का?’ म्हणून तुम्ही टपली मारलीत. पुढे लग्नाची घाई कुणाला होती ते दिसलंच. त्या सगळ्या दिवसांत मी एकही मरळ धरली नव्हती, पण मला काठावर यायला कंटाळा कधी आला नाही.

मग तो दिवस. पोळा होऊन गेलाय, पाणी चढलंय, आपल्या जुन्या बांधावरच्या बाभळींचे नुसते शेंडे वर आहेत. तुम्ही दुसरीकडे बघताय. पाणी मला दिसतं, उकळणारं, लाल. मी बेडूक टाकते, थव्यातून आणते, आणि पाणी फुटतं. काठी काखेत. मी तुमच्याकडे बघते. तुम्ही चंची काढता आणि मळायला लागता, आणि आयुष्यात इतकी हळू तंबाखू कुणी मळली नसेल. थाप वाजते. मी ओढते. काठी वाकते, तंगूस हाताला गुंडाळला जातो, तळवा कापतो, मी सोडत नाही. तुम्ही काठीला हात लावला नाहीत. हे मी तुमच्या बाजूने सांगते आहे. शेवटी कमरेएवढ्या पाण्यात शिरून तुम्ही तिला कवेत उचललंत आणि म्हणालात, ‘वाघीन हाय माजी वाघीन!’ मला वाटलं, आता मला काही नको.

त्याच दिवशी बैल विकायला घोडेगावच्या बाजाराला जायचं होतं. मरळ ओल्या पोत्यात गुंडाळली की पाण्याबाहेरही जगते, म्हणून तुम्ही तिला टेम्पोत घेतलंत, आणि मीही हट्टाने चढले. बैलाचं शेपूट तोंडावर येत होतं, पण मी मनात घोकत होते की लोक विचारतील आणि आप्पा सांगतील. विचारलंच. तुमचा ओळखीचा व्यापारी पोतं उघडून बघतच राहिला. ‘आयला! कुनी धरली वो?’

‘म्या,’ तुम्ही म्हणालात.

नुसतं ‘म्या’ म्हणून थांबला असतात तरी एक वेळ चाललं असतं. तुम्ही सगळं सांगितलंत. पाणी कसं उकळत होतं, बेडूक कसा टाकला, तंगुसाने हात कसा कापला. आणि हात कापला म्हणताना हात सदऱ्याच्या खिशात घातलात. कापलेला हात माझा होता, मी तो परकरात गुंडाळून तुमच्या शेजारी उभी होते. व्यापाऱ्याने विचारलं, ‘पोरगी बी हुती का संगं?’ तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘हुती की. बेडकं धराया.’ तेवढ्यावर सगळे हसले, आणि तुम्ही मरळ त्या व्यापाऱ्याला मानाने देऊन टाकलीत. मग मला कासाराकडे नेलंत आणि दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या घेऊन दिल्यात. कासाराने तळवा दाबला तेव्हा जखम पुन्हा उघडली. परत येताना टेम्पोच्या प्रत्येक धक्क्याला त्या वाजत होत्या. एवढ्या बांगड्या घालून काठावर कुणी जात नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतं.

संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात तेव्हा चुलीपुढे मी आईला मोठ्याने म्हटलं, ‘मरळ मी धरलीये.’ आई भाकरी थापायची थांबलीसुद्धा नाही. ‘ठावं हाय मला. पन उद्या बगाया येतील त्येंला काय सांगावं? पोरगी बेडकं लावून मासं मारती? त्येंनी तुजंच भलं बगितलं.’ मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, ‘कालवन वाढ.’ माझी काठी आईने ओसरीवर आडवी बांधली आणि माझं लग्न होईपर्यंत मी तिच्यावर घरादाराची धुणी वाळत घातली.

आणि मरळ काय, वाढतच गेली! आधी ती माझ्या कमरेला लागत होती. माझ्या लग्नात, व्याह्यांच्या पंगतीत, ती छातीला लागली. नातवंडांपर्यंत येता येता तुमच्या खांद्यावरून शेपूट जमिनीला टेकायला लागलं. मला श्रीगोंद्याला दिलंत, जिकडे बघावं तिकडे ऊस आणि पाणी म्हणजे पाटाचं, तेही पाळीने. मी डी.एड. केलं, शाळा चालवली, सत्कार झाले. लोक म्हणतील, एका माशाचं काय एवढं घेऊन बसलीस? पण आप्पा, व्यासपीठावर माझं नाव पुकारलं की आधी मी शेजारी बघायची, की आता शेजारचा कुणीतरी उठेल आणि ‘म्या’ म्हणेल. हे तुम्ही केलंत. शत्रूने केलं असतं तर मी विसरले असते.

परवा भावाकडे आले होते. त्याची मुलगी पुण्याला नोकरी करते, तिने मोबाईलवरून काठी, रीळ आणि रबरी बेडूक मागवलेत. मासा धरतात, फोटो काढतात आणि सोडून देतात, अशी आता पद्धत आहे म्हणे. सकाळी मला घेऊन फुगवट्यावर गेली. चालता चालता म्हणाली, ‘आत्या, आजोबांच्या मरळीएवढी मिळाली तर काय मजा येईल!’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी बोलले. म्हटलं, ‘ती मरळ मी धरली होती.’ ती खदखदून हसली. ‘आत्या, तू पण ना! काहीही!’ तिच्या हसण्यात वाईट काहीच नव्हतं.

बाभळींचे शेंडे अजून आहेत, काळे पडलेत. पाणी उकळलेलं मलाच आधी दिसलं. रबरी बेडूक पिशवीत ठेवला आणि काठावरचा खरा धरला, तशी पोरगी किंचाळून मागे सरली, बापावर गेलीय. टाकला, थव्यातून आणला, पाणी फुटलं. ती मोबाईल धरून ओरडत होती, ‘आत्या, ओढ ना! ओढ!’ मी ओढलं नाही. ओढायचं तेव्हाच ओढलं. चांगली मांडीएवढी मरळ होती, वाढवून सांगत नाही. गळ काढून तिला तिच्या पिल्लांजवळ सोडली. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, ‘हे तुला आजोबांनी शिकवलं ना?’

मी म्हटलं, ‘कुणी नाही. माझी मीच शिकले.’ बोलताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही. म्हटलं, झाली फिट्टंफाट.

पत्ता नसलेलं हे पत्र मी इथेच संपवलं असतं. पण रात्री जेवणं झाल्यावर तिने तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. पाणी फुटतं, तंगूस सळसळत जातो, मी काठी काखेत दाबून उभी आहे, आणि माझा उजवा अंगठा रिकाम्या डाव्या तळव्यावर मळतो आहे, मळतो आहे. मग मी थाप मारते आणि ओढते. मला यातलं काहीच आठवत नव्हतं. भावाने तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि तेवढंच पुन्हा पाहिलं. पोरीने विचारलं, ‘आत्या, हे हाताला काय करत होतीस गं?’

मी म्हटलं, डास चावला होता.