लागलेलं कळणारी पट्टी

आये,

तुझा उजवा हात अर्धांगवायूने गेला तेव्हा मी पुण्यात प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. शेजारच्या काकीने एसटीडी बूथवरून फोन केला, "तुझ्या आवशीक झटको इलो, बेगीन ये." पुढे तू चालायला लागलीस, बाजारात जाऊन बसायलाही लागलीस, पण मासे विकणारा तो हात तुझ्या मांडीवर पडून असायचा.

पुढच्या मे महिन्यात मी घरी आले होते. तू स्वयंपाकघरात आडाळ्याच्या पात्यावर बांगडे कापते आहेस. सगळं काम डाव्या हाताचं, उजवा नुसता वजनासारखा माशावर टेकवलेला. पाटावर रक्त येतं, तू ते माशाचं समजून फडक्याने पुसतेस, पुन्हा येतं. मी ओरडून तुझा हात धरते. बोट खोलवर कापलेलं, आणि तू दुसऱ्या कुणाचं असावं तशी त्याच्याकडे बघते आहेस. मी चिंधी बांधत असताना म्हणालीस, "हात हललो नाय तरी चलात गो बाय. पण लागलेला कळाक होया."

म्हणून संध्याकाळी मी ती पट्टी दाखवली. आमच्या प्रयोगशाळेत बनवलेली, प्लॅस्टिकची, दोन्ही बाजूंना धातूचा पातळ मुलामा दिलेली. ती ओलीच ठेवावी लागते. वाटीतल्या पाण्यात धरून टॉर्चच्या सेलच्या तारा लावल्या, तशी ती मान वळवावी तशी वळली. आजारपणानंतर तू पहिल्यांदा हसलीस. "जिती आसा काय गो ही?"

मी सांगितलं, बोटाने वाकवली की हीच पट्टी उलट जराशी वीज देते.

"म्हणजे हिका कळता?"

"कळता, वायच."

"मगे माझ्या हातात घालतलंस?"

"आये, ही अजून कागदाचो कपटोय उचलूक शकणा नाय. खूप वर्सां लागतली."

"वाट बघीत रवतंय मी," तू म्हणालीस.

दिवाळीच्या आधी दुसरा झटका आला. मी पोचले तेव्हा तुला अंगणात ठेवलं होतं. बाजारातल्या बायका रडत होत्या. त्यांतली एक माझ्याजवळ येऊन हळूच विचारते, "हात झालो काय गो?" मला कळेना. "तुझी आवस सगळ्यांक सांगी, माझा चेडू माका हात करता म्हणान." मी तुला खरं तेच सांगितलं होतं. तू ते ऐकूनही घेतलं होतंस, आणि तरी टोपलीपाशी बसून बाजारभर ही गोष्ट सांगत होतीस.

त्याला आता पाच वर्षं झाली. परवा आम्ही दोन पट्ट्या बोटांसारख्या समोरासमोर बसवल्या, मध्ये ओल्या कापसाचा बोळा ठेवला. त्या वळल्या, बोळ्याला टेकल्या, आणि टेकल्याचं कळल्यावर आपणहून थांबल्या. बोळा चेपला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सरांनी पेढे आणले. पेढा हातात घेऊन मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मैत्रीण मागून आली, माझे डोळे बघून म्हणाली, "एवढा आनंद झाला?" मी मान डोलावली.

हे तुला आपल्या बोलीत लिहायचं होतं. घेतलंही लिहायला, पण प्रत्येक शब्द तुझ्याच आवाजात ऐकू यायला लागला आणि दुसऱ्या ओळीपुढे जाता येईना. म्हणून ऑफिसात अर्ज लिहावा तसं शुद्ध मराठीत लिहिलंय. एवढंच जमलं गो.