फुल चेन कव्हर

३ फेब्रुवारी १९८६

आज पुन्हा चेन पडली. ओढ्याच्या चढावर. बसवायला वाकलो तर पायजमा चेनमध्ये गेला आणि गुडघ्यापर्यंत टरकन फाटला. तसाच फाट्यावर गेलो. दूध संघाच्या गाडीचा ड्रायव्हर वीरप्पा तोंड फिरवून हसला. मी या गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. गावाचं दूध रोज सकाळी सायकलवरून फाट्यावर पोचवतो. विहिरी आटल्या, ज्वारी गेली, गावाला आता दुधाशिवाय काही उरलेलं नाही. आणि लोक बघतात काय, तर पायजमा.

निश्चय: चेनचा प्रश्न कायमचा निकालात काढायचा. सायन्टिफिक पद्धतीनं.

५ फेब्रुवारी

दोन मार्ग आहेत. हाफ कव्हर किंवा फुल कव्हर. हाफ कव्हर पोस्टमनच्या सायकलला असतं. वरून झाकलेलं, खालून उघडं. मला अर्धवट काम आवडत नाही. फुल कव्हर म्हणजे चेन पेटीत बंद. धूळ नाही, पायजमा नाही. पेटीतली वस्तू पडेल कुठे? हे बायकोला, शामलाला, समजावून सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, पडायची ती पेटीतच पडेल. घरात टेक्निकल विषय काढायचा नाही असं ठरवलं.

तूर्त पायजम्याला तिची केसांची पिन.

९ फेब्रुवारी

परंड्याला धुळाप्पाच्या दुकानात जाऊन फुल कव्हर बसवून आणलं. काळं, चकचकीत. धुळाप्पा म्हणाला, असं कव्हर तालुक्यात मामलेदाराच्या सायकलला होतं, तेही जुन्या. स्क्रू भरपूर आहेत, म्हणजे मजबूत. येताना मुद्दाम बाजारातून आलो. दोघांनी वळून पाहिलं.

१२ फेब्रुवारी

चेन पडली. पेटीत.

फाट्याच्या अलीकडे. आतून खडखड आवाज, पेडल मोकळं. पूर्वी चेन पडली की काडीनं पुढच्या चक्रावर चढवायची आणि निघायचं. आता आधी सगळे स्क्रू काढायचे. पान्हा घरी. स्क्रू ड्रायव्हर घरी. गाडी गेली.

गावाचं दूध ज्याचं त्याला परत दिलं, घरोघर खवा झाला. बौद्धवाड्याचं परत नेलं तेव्हा चांगुणाबाई दारात उभी होती. नवरा अंबादास ऊसतोडीला गेलेला, घरी दोन लेकरं आणि एक म्हैस. संघ दुधाच्या मापानं पेंड देतो. दूध गाडीत चढलं नाही तर त्या दिवशीची पेंड नाही. कडबा तर कुठं दिसत नाही, म्हैस पेंडीवरच उभी आहे. चांगुणाबाईनं दूध घेतलं आणि एवढंच विचारलं, की उद्या गाडी गाठाल ना. मी म्हटलं, गॅरंटी.

स्क्रू ड्रायव्हर यापुढे खिशात.

१५ फेब्रुवारी

कॅनविषयी थोडं लिहून ठेवतो, कारण उगाच चर्चा होते.

कॅरियरला दोन कॅन अडकवतो. डावीकडे गावाचा, मोठा, काठोकाठ. उजवीकडे बौद्धवाड्याचा. चार घरांचं दूध, अर्धासुद्धा भरत नाही. चुकू नये म्हणून कडीला निळा दोरा. मी स्वतः भेद मानत नाही. मागच्या वर्षी चौदा एप्रिलला वाड्यात जाऊन भाषण केलं, चहाही घेतला. पण चेअरमन आबारावांच्या आई पुतळाबाई म्हणाल्या, कॅन दोन असू द्या, न्हाय तर आमी दूध घालत न्हाय. त्यांचं ऐकून बाकीचीही घरं अडून बसली. संस्था टिकणं महत्त्वाचं. शीतकरण केंद्रात सगळं एकाच टाकीत ओततात, हे मला माहीत आहे. पण ते केंद्रात.

२२ फेब्रुवारी

चेन पडली. स्क्रू काढले, बसवली, स्क्रू लावले. गाडी मिळाली, पण वीरप्पाला हॉर्न वाजवत थांबावं लागलं. पुढच्या वेळी थांबणार नाही म्हणाला.

दुसरी गोष्ट. सकाळी कॅन चढवताना चांगुणाबाई बघत होती. म्हणाली, "अण्णा, एक कॅन जड, एक हलका. सायकल एका अंगाला ओढती, मागचं चाक तिरपं होतंय. दोन्हीत सारखं ओता, चेन पडायची न्हाय."

मी रागावलो नाही. समजावून सांगितलं, की बाई, चेन खाली असते आणि कॅन वर. दोन्हीचा संबंध नाही. ती कॅनकडे बघत राहिली.

१ मार्च

उपाय सापडला. कव्हर चेनला झाकतं, पण धरत नाही. चेनला कुणीतरी धरलं पाहिजे. डालड्याच्या डब्याचा पत्रा कापला, वाकवला, पुढच्या दातेरी चक्राच्या दोन्ही अंगांनी कव्हरच्या आत बसवला. चेन बाहेर जायला बघेल तर पत्र्याला अडेल. माझ्याच नावानं नाव: राघवेंद्र पट्टी. संघाच्या वार्षिक सभेत मांडणार. प्रत्येक संस्थेच्या सायकलला लागू शकते.

बोट कापलं. किरकोळ.

४ मार्च

पट्टी यशस्वी. तीन दिवस चेन पडली नाही. कर्रर्र असा आवाज येतो, लांबून कळतं मी आलो. कुत्री भुंकतात. शोधाला सुरुवातीला विरोध होतोच.

१७ मार्च

चेन पट्टी आणि चक्राच्या मध्ये अडकली. पुढेही नाही, मागेही नाही. सायकल ढकलत नेली. गाडी निघालीच होती. वीरप्पानं वेग कमी केला, पूर्ण थांबला नाही. ओरडला, "एकच घेतो, कोनचा द्यायचा तो द्या."

क्षणात निर्णय घ्यावा लागतो. मोठा दिला.

निळ्या दोऱ्याचा राहिला. ऊन असं, की परत येईपर्यंत दूध नासलं. चांगुणाबाईनं झाकण उघडून वास घेतला आणि उकिरड्यावर ओतलं.  तिनं विचारलं असतं तर मी समजावून सांगितलं असतं.

२ एप्रिल

नियम केला. उशीर झाल्यास मोठा कॅन आधी. जास्त सभासदांचं हित, हेच सहकाराचं तत्त्व. आबारावांनी मान डोलावली. नियम केल्यामुळे मनावरचं ओझं उतरलं.

पट्टीत सुधारणा चालू.

१० एप्रिल

या पंधरवड्यात निळा कॅन बरेचदा राहिला. दर वेळी कारण वेगळं होतं: पट्टी, स्क्रू, एकदा वारा. वाड्यातल्या दोन घरांनी जनावरं परंड्याच्या बाजूच्या चारा छावणीवर नेली. चांगुणाबाईची म्हैस पाहिली. पाठीचा कणा वर आलेला. दूध तांब्याभर. मी पेंडीसाठी शब्द टाकतो म्हणालो. संघाला पत्र लिहायचं आहे. आधी पट्टीचं ड्रॉइंग पूर्ण करतो, दोन्ही एकदमच पाठवता येईल.

१४ एप्रिल

वाड्यात जयंती. स्पीकर ऐकू येत होता. भाषण तयार ठेवलं होतं, धुतलेला पायजमाही. बोलावणं आलं नाही. कामाच्या गडबडीत विसरले असतील.

२ मे

सकाळी फाट्यावरून परतताना रस्त्याच्या कडेला म्हैस बसलेली. शेजारी एक बाई डोक्यावर पदर घेऊन, दोन लेकरं. एक लेकरू म्हशीच्या तोंडाला पाण्याची बरणी लावत होतं, पाणी दोन्ही बाजूंनी सांडत होतं. छावणीवर निघाली असणार. मला थांबायचं होतं. पण ओढ्याच्या उतारावर ब्रेक मारला तर चेन पडते.

४ मे

ती चांगुणाबाईची म्हैस होती. उठलीच नाही. काल तिथंच गेली.

वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. शामलाला म्हणालो, दुष्काळ असा की कुणाचं काही चालत नाही. शामलानं जेवण वाढलं आणि आत गेली.

छावणीवर जनावरं आधीच सोडायला हवी होती. हे मी कुणाला बोललो नाही.

७ मे

वाड्यातलं शेवटचं घरही दूध घालत नाही. निळा कॅन रिकामा. आता सगळा भार डावीकडे. आज दोनदा आडवा झालो. गावाचं दूध रस्त्यावर सांडलं. पुतळाबाई घरी येऊन बोलून गेल्या. संघाचा निरोप: असंच चाललं तर गाडी या फाट्यावर थांबणार नाही.

आबारावांना सुचवलं, निळा दोरा काढून टाकू, कॅन घासून घेऊ, गावाचं दूध दोन्ही कॅनमध्ये निम्मं निम्मं घालू. आबाराव म्हणाले, त्या कॅनात? लोक ऐकायचे न्हाईत. नवा कॅन संघ देत नाही. मी जास्त ताणलं नाही.

कव्हर शाबूत आहे. पडूनसुद्धा फक्त पोचा आला.

११ मे

उपाय सापडला. इतका सोपा की आधी कसा सुचला नाही. निळ्या कॅनमध्ये दगड.

रोजगार हमीच्या रस्त्यावर खडीचे ढीग आहेत. उजाडताच मोठा कॅन भरून तिकडेच गेलो. बाया कामावर आल्या होत्या. ढिगापाशी चांगुणाबाई बसलेली, हातात हातोडा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मी सांगितलं, थोडी खडी हवी, सायकलच्या बॅलन्ससाठी. तिनं कॅनच्या कडीवरचा निळा दोरा पाहिला. स्वतःच टोपल्यानं खडी भरून दिली, मोठ्या कॅनच्या वजनाएवढी, हातानं जोखून.

मग म्हणाली, "अण्णा, दगड आमच्या हातचा हाय. गावाच्या दुधाशेजारी चालंल का?"

मी म्हणालो, त्यात काय, दगडच तो. तिनं हातोडा उचलला आणि पुढचा दगड घेतला.

सायकल सरळ चालली. ओढ्याचा चढ चढलो. चेन पडली नाही. पट्टीचा आवाजसुद्धा आला नाही. फाट्यावर गाडीच्या आधी पोचलो, या वर्षात पहिल्यांदा. वीरप्पानं मोठा कॅन चढवला, दुसऱ्याला हात घातला, झाकण उघडून आत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. झाकण लावून कॅन परत कॅरियरला अडकवला. या वेळी हसला नाही.

दिवसभर अस्वस्थ वाटतं आहे. ऊन बाधलं असावं.

फुल कव्हरचा निर्णय अखेर बरोबर ठरला. संघाला ड्रॉइंग पाठवायचं आहे. पायजमा स्वच्छ. दगड कॅनमध्येच ठेवले आहेत, उद्या पुन्हा लागतील.