भांडारपालांच्या फळीवरील बरणीची चौकशी होणेबाबत

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
कर्मचारी क्रीडा मंडळ,
पाणीपुरवठा विभाग.

विषय : चाळिशीपुढील गटाच्या शर्यतीत औषधी पूड घेऊन पहिला क्रमांक पटकावल्याबद्दल भांडारपालांना बाद करून ढाल अर्जदारास परत मिळणेबाबत.

संदर्भ : शर्यतीच्या दिवशी आपल्या मंडपात केलेली तोंडी तक्रार (जिच्यावर आपण "लेखी द्या" म्हणालात ती).

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार विभागात मीटर तपासनीस असून सदर शर्यतीची ढाल गेली कित्येक वर्षे त्याच्याच घरी कपाटावर असते. यंदा ती भिंतीपलीकडे गेली. भिंतीपलीकडे भांडारपाल राहतात. ते अर्जदाराचे साडू आहेत, त्यामुळे दुखणे कार्यालयीन तसेच घरगुती आहे.

१. भांडारपाल गतवर्षीपर्यंत जिना चढतानाही कठडा धरून थांबत. यंदा त्यांनी शेवटच्या वळणावर अर्जदारास मागे टाकले, आणि टाकताना "या हं सावकाश" असेही म्हणाले. हे नैसर्गिक नव्हे.

२. त्यांच्या स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागे एक बरणी आहे. तीत अश्वगंधा व इतर मुळ्यांची पूड असून ती हार्मोन ताळ्यावर आणते व दम वाढवते, असे औषधवाल्याचे म्हणणे आहे. भांडारपालांच्या मिशा अलीकडे दाट झाल्या आहेत. पूर्वी फोनवर लोक त्यांना "बाई" म्हणत, आता "साहेब" म्हणतात. सासुरवाडीतही पहिला चहा हल्ली त्यांनाच मिळतो. या सर्वांस सदर पूड जबाबदार आहे.

३. साखर मागण्याच्या निमित्ताने जाऊन अर्जदाराने दोन चमचे पूड हस्तगत केली. एक चमचा पुराव्यासाठी ठेवला, दुसरा खातरजमेसाठी स्वतः घेतला. दुसऱ्या दिवशी अर्जदार बराच धावला, परंतु त्याची नोंद मैदानावर होऊ शकत नाही.

येथवर लिहून अर्ज साक्षीदाराच्या सहीसाठी पत्नीपुढे ठेवला. तिने सही केली नाही. तिचे म्हणणे जसेच्या तसे :

"अहो, बरणी माझी आहे. चाळिशीनंतर झोप उडाली, बसल्या जागी घाम फुटायचा, म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारून घेते. ताईकडे ठेवते, कारण इथं ठेवली असती तर तुम्हीच फस्त केली असती. भाऊजींना त्या वासानंच शिंका येतात. ते वर्षभर पहाटे ताई नि माझ्याबरोबर धावले, म्हणून जिंकले. तुम्हालाही उठवलं होतं की! 'बायकांबरोबर कोण धावणार' म्हणालात नि कूस बदललीत. आणि आमच्या शर्यतीत मी पहिली आले, ते तरी ठाऊक आहे का?"

महोदय, ठाऊक नव्हते. पदक शिलाई मशीनवरच्या खिळ्याला टांगलेले आहे. त्याची फीत अर्जदारास मोजपट्टी वाटली. कर्मचाऱ्यांच्या घरच्या महिलांची शर्यत चालू असताना अर्जदार आपल्या मंडपात तक्रार करीत होता. बाहेर टाळ्या झाल्या, त्या भांडारपालांसाठीच असणार असे समजून त्याने आवाज चढवला, हे आपणास स्मरत असेल.

कार्यालयीन कागदावर खाडाखोड चालत नसल्याने वरील मजकूर तसाच ठेवून केवळ मागणी बदलण्यात येत आहे. अर्जदाराचा जळफळाट थांबलेला नाही, हेही नमूद करणे प्राप्त आहे. ढाल गेली, ते एकवेळ सोसेल. परंतु वर्षभर रोज पहाटे पत्नी धापा टाकत, हसत धावत होती आणि सोबतीला साडू होता, हे काही केल्या सोसत नाही.

सबब विनंती की, मूळ तक्रार निकाली काढावी. महिला गटाच्या बक्षीस समारंभाच्या छायाचित्राची एक प्रत मिळावी. त्यात पत्नीशेजारी पाण्याची बाटली धरून भांडारपाल उभे असल्याचे कळते, तरी शक्य झाल्यास ते कापून मिळावेत. तसेच अर्जदारास उद्यापासून पहाटेच्या सरावात घ्यावे, अशा आशयाचे शिफारसपत्र आपल्या सहीशिक्क्यानिशी पत्नीच्या नावे द्यावे. अर्जदार सर्वांच्या मागे धावण्यास तयार आहे. त्याने तशी तोंडी विनंती केली असता तिने "लेखी द्या" असे सांगितले आहे.

आपला, यंदा दुसरा आलेला,
(सही)
मीटर तपासनीस

दिनांक : शर्यतीनंतरचा सोमवार

सोबत : पुराव्याची पूड, एक चमचा. (जोडलेली नाही. बरणीत परत टाकली.)