उघडा चर

४ मार्च
डोकं ठणकतंय. मामाचं पालुपद चालूच — "कॉलेज अर्धवट सोडलंस, निदान माझ्या कामावर तरी टिक!" टिकलोय की! नऊ इंची भिंत, खाली दोन फूट रुंद काँक्रीटची पट्टी — पायाचं डिझाइन माझंच.
आणि ते तपासायला कोण यावं? तीच! माझ्या वर्गातली. ती शिकून इंजिनीअर झाली, मी मामाच्या साइटवर चर खोदून घेतोय. तिनं चराच्या तळाला सळई टोचली, कोपऱ्यात सर्रकन आत गेली. "इथे भुसभुशीत भराव आहे. खोल घे. मी परत येते."
परत येते! बाकी काही ऐकूच आलं नाही.

७ मार्च
कोपऱ्यात पक्की जमीन लागली. ती म्हणाली, "भरा काँक्रीट." झालं, संपलं. पाया भरला की तिच्या ऑफिसचं इथलं कामच उरत नाही.
तेवढ्यात मी बरळलो, "आतली विटांची भिंत जमिनीच्या नुसत्या चार इंची स्लॅबवर उभी राहील. खाली जाड पट्टी नको?"
ती थांबली. "हवी. खोदून ठेव, बघून जाईन."
मामा भडकला. "त्या भिंतीला हत्ती बांधायचाय का रे?"
पट्टी खरंच हवी होती. पण मला सुचली ती केवळ त्यासाठी नाही.

९ मार्च
आली नाही.

१० मार्च
पाइप फुटला. उघड्या चरात चिखल! पाय ठेवला की रुततोय. मी आणि गवंडीकाका दिवसभर खरवडत होतो. "काय रे, चरावरच जीव जडलाय का तुझा?" म्हणाले. घमेलं भिरकावलं मी. नंतर उचलूनही आणलं.
मामा — "उद्या काँक्रीट पडलं नाही, तर परवा येऊ नकोस."

११ मार्च
ती आली. तळ बघितला. आणखी एक इंच चिखल काढायला सांगितला आणि माझी सटकली. "कॉलेज सोडलं म्हणून मला खिजवतेस का?" सगळ्यांसमोर!
ती इंचभर निघेपर्यंत उभी राहिली. "भरा," म्हणाली आणि गेली.
भरलं. मूर्ख आहे मी.

१२ मार्च
काँक्रीटवर पाणी मारलं. जेवलो नाही.

१३ मार्च
आज ती आली. हातात टेप नाही, सळई नाही.
गवंडीकाका म्हणाले, "बाई, चर तर भरला की परवाच."
"माहीत आहे," म्हणाली आणि विटांच्या थप्पीवर बसली.