पायाळूचा पाय

माय, माझा तुझ्यावर राग आहे, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो उतरत नाही.

मी पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेली. त्यात माझं काय कर्तृत्व? पण नेकनूरच्या आसपास कुणाच्या पाठीत उसण भरली की ते माणूस सकाळी सकाळी आपल्या अंगणात येऊन पालथं पडायचं. तू मला अंथरुणातून ओढायचीस, तोंडसुद्धा धुऊ द्यायची नाहीस. "नुसता टेकू नको, टाच दाब. तिथं न्हाई, जरा खाली." परक्यांच्या पाठीवर पाय द्यायची मला किळस यायची. आभाळ गडगडलं की घरात कोंडायचीस, कारण पायाळूवर वीज पडते म्हणे. शाळेतल्या पोरी त्यावरून चिडवायच्या. तुला मात्र लई तोरा. "माझ्या लेकीच्या पायाला गुण हाय," असं बाजारभर सांगत सुटायचीस.

मग ती सकाळ. तू चुलीपुढं भाकरी थापतेयस. हात परातीतच थांबतो, कपाळावर घाम येतो. "पाठीत उसण भरली गं. ये, पाय लाव." मी लावते. टाच दाबते, तू शिकवलं तशी. थोरला भाऊ दारातून म्हणतो, "माय, जबडा बी दुखतोय म्हनतीस. जीप आनतो, बीडला दाखवू." तोवर शेजारच्या बाया जमलेल्या असतात. तू त्यांच्याकडं बघतेस. "कावून जायचं बीडला? लेकीचा पाय लागलाय. लई बरं वाटतंय आता." आणि पुन्हा परात पुढं ओढतेस.

खोटं बोललीस तू. ते दुखणं काळजाचं होतं. दुपारी तुला जीपमध्ये घातलं आणि मांजरसुंब्याच्या फाट्यावरच तू मान टाकलीस. सकाळीच आणायला पाहिजे होतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि भाऊ माझ्याकडं बघत राहिला. कुणासाठी बोललीस गं? चार बायांपुढं माझा पाय खोटा पडू नये म्हणून? पडू द्यायचा होतास. त्या पायाला काय जाळायचंय? मला तू पाहिजे होतीस. दहाव्याला त्याच बाया म्हणाल्या, "पायाळूचा पाय व्हता म्हनून दुपारपातूर तरी तगली." मी त्यांच्या अंगावर धावून गेले. आजही कुणी उसण घेऊन आलं तर मी दारातूनच परत लावते, आधी दवाखान्यात जा म्हणते. लोक मला तिरसट म्हणतात. म्हणू देत.

हे पत्र तुला पाठवणार तरी कुठं? आणि वाचायला तरी कुठं येत होतं तुला? चुलीत घालीन. पण एक सांगायचं राहिलं. परवापासून माझ्या डाव्या खांद्यात कळ येतेय. काल लेकीनं बसून पाठ दाबून दिली आणि विचारलं, "आई, बरं वाटलं का?" तिचा चेहरा बघून मी हो म्हणाले. वाटलं नव्हतं.